दुष्काळी कामे ते रोजगाराचा हक्क : खानदेशाच्या संदर्भात एक तौलनिक विचार

प्रस्तावना :
संकटकाळात शासनाने लोकांना केवळ मदत द्यावी की काम द्यावे, हा प्रश्न जुना आहे. काम दिले तर ते कशासाठी, हा त्याचाच पुढचा भाग होय. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील महामंदीच्या काळातील उद्यान-कामे आणि खानदेशासह महाराष्ट्रातील दुष्काळी कामे यांचा तौलनिक विचार केला आहे.

अमेरिकेतील उद्यान-कामे :
१९२९ नंतरच्या मंदीत अमेरिकेत बेकारी प्रचंड वाढली. १९३३ ते १९४२ या काळात ‘नागरी संवर्धन दला’त सुमारे ३० लाख तरुणांना काम मिळाले. त्यांनी वृक्षलागवड केली, पायवाटा व निवारे बांधले. महिन्याच्या ३० डॉलर वेतनापैकी बहुधा २५ डॉलर घरी पाठविले जात. १९३५ पासून दुसऱ्या एका योजनेतून उद्याने, क्रीडांगणे व पोहण्याचे तलाव उभे राहिले. सामान्य माणसाची विश्रांती हीही सार्वजनिक गरज आहे, ही या कामांमागील धारणा होती. मात्र नागरी संवर्धन दलात स्त्रियांना प्रवेश नव्हता आणि कृष्णवर्णीयांची शिबिरे बहुतांशी वेगळी असत.

वसाहतकालीन दुष्काळी कामे :
ब्रिटिश काळात मात्र दुष्काळी काम ही गरजेची कसोटी मानली गेली. खरा गरजू असेल तोच अल्प मजुरीवर खडी फोडील, असे हे तर्कशास्त्र होते. १८७७ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी मजुरीतील धान्याचे प्रमाण एक पौंडापर्यंत, म्हणजे अर्ध्या किलोहूनही खाली आणले. मुंबई इलाख्यातील अनेक मजुरांनी कामे सोडली व पुणे सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. १८९९-१९०० च्या छप्पन्नच्या दुष्काळाची तीव्र झळ खानदेशालाही बसली.

हक्काची वाटचाल :
१९७२-७३ च्या दुष्काळात, मे १९७३ मध्ये, महाराष्ट्रातील कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते. या अनुभवातून, वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आकारास आलेल्या रोजगार हमी योजनेस बळ मिळाले. १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागेल त्याला काम, हे आता कायद्याचे बंधन झाले. या कामांवर स्त्रियांचा सहभाग मोठा राहिला. पुढे २००६ मध्ये केंद्रीय रोजगार हमी कायद्याच्या पहिल्या टप्प्यातच धुळे जिल्ह्याचा समावेश झाला. जळगाव २००८ मध्ये आला.

निष्कर्ष :
अमेरिकेच्या कामांतून उद्याने मिळाली, पण कामाचा कायदेशीर हक्क मिळाला नाही. महाराष्ट्राने हक्क दिला. परंतु पाझर तलाव, बंधारे, रस्ते यांवरच भर ठेवला. अवर्षणप्रवण भागात पाण्याला अग्रक्रम देणे योग्यच होते. तथापि, ज्यांनी ही कामे केली त्यांच्या विश्रांतीचा, मुलांच्या खेळाचा व सावलीचा विचार उत्पादक कामाच्या व्याख्येत फारसा आला नाही. कष्टकऱ्याचे श्रम मोजताना त्याच्या विसाव्याचीही नोंद घेणे, ही या इतिहासातून मिळणारी शिकवण होय.