पाच मिलीची जबाबदारी

‘मी फार्मात आहे,’ असं सांगितलं की आमचा कॉलेजचा ग्रुप ठरलेला पीजे मारतो, ‘फॉर्मात तर तू नेहमीच असतेस!’ मग पुढचा प्रश्न, ‘पण नक्की करतेस काय?’ मी लॅबमध्ये लहान मुलांची पातळ औषधं बनवते. ‘म्हणजे मोठ्यांची गोळी कुटायची आणि साखरेच्या पाकात ढवळायची, बरोबर?’

इतकं सोप्पं असतं, तर आईनं घरीच केलं असतं की!

आपलं साधं पॅरासिटामॉल घ्या. एक लिटर पाण्यात ते जेमतेम १४ ग्रॅम विरघळतं. पाच मिलीत १२० मिलिग्रॅम हवं असेल, तर लिटरमागे २४ ग्रॅम विरघळायला हवं. उरलेल्या दहा ग्रॅमचं काय? मग प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन अशी मंडळी मदतीला येतात. तीही बेतानं, कारण तान्ह्या बाळाचं लिव्हर आणि किडनी अजून ‘ट्रेनी’ असतात. मोठ्यांना चालतं ते त्यांना झेपेलच असं नाही. दुसरा मार्ग सस्पेन्शनचा. औषध विरघळवायचंच नाही, त्याचे बारीक कण झँथन गमसारख्या दाटपणा आणणाऱ्या पदार्थाच्या जोरावर तरंगत ठेवायचे. बाटलीवरचं ‘शेक वेल’ त्यासाठीच असतं. न हलवता दिलंत, तर वरचे डोस पांचट आणि तळाचे कडक!

त्यात कडू चव. साखर जिभेला लगेच कळते, पण कडूपणा मागाहून येऊन रेंगाळतो. म्हणून गोडीचे दोन-तीन प्रकार, वर ऑरेंज नाहीतर स्ट्रॉबेरी. आणि फारच मस्त जमलं तरी पंचाईत, पोरगं अख्खी बाटली गट्टम करायचं.

इथवर सगळं मजेचं. पण ऑक्टोबर २०२५मध्ये एका रात्री ताईचा फोन आला. मध्य प्रदेशात छिंदवाड्याला खोकल्याच्या सिरपमुळे मुलं दगावल्याच्या बातम्या तेव्हा रोज येत होत्या. आकडा विसावर गेला होता. इकडे माझी चार वर्षांची भाची खोकत होती. ‘अगं, घरात एक बाटली आहे. फोटो पाठवते. बघून सांग ना, चांगली आहे का?’

मला नाही सांगता आलं. नुसतं बघून कुणालाच सांगता येत नाही. छिंदवाड्याच्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल निघालं होतं, तब्बल ४८.६ टक्के. मर्यादा आहे ०.१ टक्क्याची. हे विष प्रोपिलीन ग्लायकॉलसारखंच बिनरंगी आणि दाटसर, वर चवीला गोड. ते किडनी निकामी करतं. १९३७ साली अमेरिकेत एका कंपनीनं त्यातच औषध विरघळवून विकलं. चव, रूप, वास तपासला होता. विषारी आहे का, हे तपासलंच नव्हतं. शंभरावर माणसं गेली, त्यांत कितीतरी मुलं. आपल्या मुंबईत १९८६ साली जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीननं १४ रुग्ण गेले. २०२२ साली गांबियातल्या सुमारे ७० मुलांच्या मृत्यूंशी भारतात बनलेल्या सिरपचा संबंध जोडला गेला. इतकी वर्षं झाली, विष तेच!

उपाय काही रॉकेट सायन्स नाही. ड्रमवरच्या लेबलवर विसंबायचं नाही. वापरण्याआधी प्रत्येक ड्रममधला नमुना गॅस क्रोमॅटोग्राफीवर तपासायचा, डेडलाइन कितीही डोक्यावर असली तरी. त्या फोननंतर रिपोर्टवर सही करताना माझा हात दोन सेकंद जास्त थांबतो.

ताईला एवढंच म्हटलं, ‘बाटली बाजूला ठेव, सकाळी डॉक्टरांकडे जा.’ दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्या-सर्दीची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली शक्यतो टाळावीत, असं केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानंही २०२५मध्ये बजावलंय. डॉक्टरांनी एखादं सिरप दिलंच, तर बाटली नीट हलवा आणि चहाचा चमचा डब्यातच राहू द्या. घराघरातला चमचा वेगळा असतो. मापाची टोपी नाहीतर सिरिंज वापरा.

भाची चार दिवसांत बरी झाली. डॉक्टरांनी सिरप दिलंच नव्हतं. औषध काय, तर कोमट पाणी, आराम आणि रोज रात्री आजीची एक गोष्ट!