चौकटीबाहेरचीं माणसें



नभोवाणीवरून चित्र दाखवितां येत नाहीं. त्याचें वर्णनच करावें लागतें. तेव्हां आरंभीं एका वीतभर चित्राचें वर्णन करितों. केरी जेम्स मार्शल या अमेरिकन चित्रकारानें तें १९८० सालीं काढिलें. काळसर पार्श्वभूमीवर एक काळाकुट्ट मनुष्य. प्रथम दिसतात ते त्याचे पांढरे डोळे, सदऱ्याचा तुकडा आणि हंसणारे, मध्यें फट असलेले दांत. क्षणभर थांबलें म्हणजे मग टोपी, कोट, चेहरा हीं हळूहळू उमटूं लागतात. माणूस समोर असूनहि पाहणाऱ्यास दिसत नाहीं, हीच त्या चित्रांतील व्यथा आहे.

आज अमेरिकेंत नांवाजलेल्या अनेक चित्रकारांच्या कृति पाहिल्या, तर तऱ्हा निरनिराळ्या असल्या तरी प्रश्न एकच आढळतो : चित्रसंग्रहालयांच्या भिंतींवर आजवर कोणास स्थान मिळालें, आणि कोणास मिळालें नाहीं?

मार्शल यांचें उत्तर काळ्या रंगांतच आहे. हाडांचा कोळसा, लोहाचें भस्म आणि काजळी यांचे निरनिराळे काळे रंग घेऊन ते त्यांत निळ्या, हिरव्या, जांभळ्या छटा मिसळतात. त्यामुळें काळा हा रंगाचा अभाव न राहतां स्वतंत्र रंग होतो. १९९७ च्या 'पास्ट टाइम्स' या भव्य चित्रांत अशींच माणसें तळ्याकाठीं वनभोजनास आलेलीं आहेत. युरोपीय चित्रपरंपरेंत हा निवांतपणा बहुधा गोऱ्यांच्याच वांट्यास येत असे.

एमी शेरल्ड यांनीं नेमका उलट मार्ग धरला. त्या कृष्णवर्णीयांची कांति करड्या छटांनीं रंगवितात. वस्त्रें मात्र झगझगीत. वर्ण बाजूस राहून आधीं माणूस दिसावा, हा हेतु. मिशेल ओबामा यांच्या २०१८ च्या व्यक्तिचित्रांतील विस्तीर्ण झग्यावरील आकृति अलाबामांतील जीज बेंड येथील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या गोधड्यांची आठवण देतात.

टायटस केफर इतिहासालाच हात घालतात. २०१४ च्या एका चित्रांत जेफर्सनचें व्यक्तिचित्र पडद्यासारखें बाजूस सारलेलें आहे, आणि मागें दिसते एक कृष्णवर्णीय स्त्री. स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्या या पुरुषानें आयुष्यांत सहाशेंहून अधिक माणसें गुलाम म्हणून बाळगिलीं होतीं. नायजेरियांत जन्मलेल्या न्जिदेका अकुनिली क्रॉसबी यांच्या चित्रांत भिंतींवर, जमिनीवर मायदेशचीं छायाचित्रें उमटविलेलीं असतात. दोन घरें एकाच खोलींत नांदतात.

हा वाद केवळ रंगशाळेपुरता नाहीं. २०२५ च्या जुलैंत शेरल्ड यांनीं वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय व्यक्तिचित्र-संग्रहालयांतील आपलें नियोजित प्रदर्शन मागें घेतलें. स्वातंत्र्यदेवीच्या रूपांत रंगविलेल्या एका पारलिंगी व्यक्तीच्या चित्रावरून मतभेद झाला होता. मिशेलबाईंचें चित्र ज्यानें गौरवानें लावलें, तेंच हें संग्रहालय!

म्हणून पुढें एखाद्या चित्रसंग्रहालयांत जाल, तेव्हां चौकटींत कोण आहे तें पाहाच; पण कोण नाहीं, तेंहि शोधा.