रोवणी करणाऱ्याला शुगर कशी होईल?

परे उपटायचे आणि बांधीतल्या चिखलात दिवसभर वाकून रोवणी करायची. अशा माणसाला शुगर कशी होईल? गोंदियाच्या धानपट्ट्यात असे सहज म्हटले जाते. शुगर, म्हणजे मधुमेह, आणि त्याच्या तपासणीशी जोडलेले काही समज तपासून पाहू.

गैरसमज : पूर्वज दुष्काळात तगले. त्यांची ‘काटकसरी’ जनुके आपल्यात आली, म्हणून मधुमेह होतो.
वस्तुस्थिती : ही कल्पना अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ जेम्स नील यांनी १९६२ मध्ये मांडली. ती चटकन पटते, पण पुरावा तोकडा आहे. टाइप २ मधुमेहाशी जोडलेली शेकडो जनुकीय रूपे सापडली. एकेकाचा वाटा लहान, आणि बहुतेकांवर नैसर्गिक निवडीचा ठळक ठसा नाही. सामोआ बेटांवरचे एक रूप तर वजन वाढवते आणि मधुमेहाचा धोका कमी करते! शिवाय हा आजार बहुधा मुलेबाळे झाल्यावर गाठतो. तिथे निवडीची पकड ढिली पडते.

गैरसमज : अंगाने बारीक असलेल्याला भीती नाही.
वस्तुस्थिती : पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापले. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, दोघांचाही २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२ टक्के. पुण्याजवळच्या सहा गावांतली नवजात बाळे सरासरी २.७ किलोची भरली, इंग्लंडच्या साउदम्प्टनमधली ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी होते, चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. ही ठेवण गर्भातच सुरू होते, आणि त्यात आईच्या पोषणाचाही हात असतो.

गैरसमज : सिकलसेल म्हणजे ठरावीक जातींचे खराब रक्त.
वस्तुस्थिती : सिकलसेल हा तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार आहे. नैसर्गिक निवडीचा ठसा खरा दिसतो तो इथे, आणि निवड जात पाहत नाही. सिकलसेलचे एकच जनुक असलेल्या वाहकाला जीवघेण्या हिवतापापासून संरक्षण मिळते, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून दाखवले. हिवतापाच्या मुलखात असे जनुक टिकून राहते. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते.

गैरसमज : एचबीएवनसी नॉर्मल, म्हणजे शुगर नाही.
वस्तुस्थिती : ही चाचणी तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजते. पेशी लवकर मेल्या, तर साखर चिकटायला वेळच मिळत नाही. सिकलसेलच्या रुग्णात असेच होते, म्हणून हा आकडा भरवशाचा नसतो. वाहकात, आणि हिवतापाशीच नाते असलेल्या जी-६-पीडी या विकराच्या कमतरतेतही, तो प्रत्यक्षापेक्षा कमी येऊ शकतो.

म्हणून सिकलसेल तपासणीत ‘एएस’ (वाहक) किंवा ‘एसएस’ (रुग्ण) निघाले असेल, तर शुगर तपासायला जाताना तो कागद सोबत न्या, डॉक्टरांना दाखवा, आणि उपाशीपोटीची व जेवणानंतरची शुगरही तपासून घ्या.