सोळा वर्षांनी आलेली आठ गाणी



१ नोव्हेंबर २०२४ रोजी इंग्लंडमधल्या ‘द क्युअर’ या रॉक बँडचा नवा अल्बम आला. ‘साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड’, म्हणजे हरवलेल्या जगाची गाणी. आत गाणी फक्त आठ. त्याआधीचा त्यांचा अल्बम ऑक्टोबर २००८ मधला. म्हणजे आठ गाण्यांसाठी चाहत्यांनी सोळा वर्षं वाट पाहिली. एका गाण्यामागे दोन वर्षं!

आज मला बोलायचं आहे ते या वाट पाहण्याविषयी. गाणारे साठी ओलांडलेले, ऐकणाऱ्यांतले बरेच पन्नाशीला टेकलेले. जुनी गाणी तर घरात आहेतच, कधीही लावावीत. मग नव्याची एवढी आस कशासाठी? चाहत्याला नेमकं हवं तरी काय असतं?

आधी अल्बम म्हणजे काय ते सांगायला हवं. आपले कान सिनेमाच्या गाण्यांवर वाढलेले. तिथे गाणं कथेच्या ओघात येतं. रॉक संगीतात मात्र आठ-दहा-बारा गाण्यांचा एक संच असतो. पहिलं कुठलं, शेवटचं कुठलं, मध्ये कुठे थांबायचं, याचा विचार केलेला असतो. कवितासंग्रहासारखंच म्हणा ना. सुटी कविता मासिकात छापून येते, पण त्या काळात कवीच्या मनात काय चाललं होतं हे कळतं ते संग्रहावरून.

पूर्वी हे संग्रह भराभर यायचे. ‘द क्युअर’नेच १९७९ ते १९८२ या चार वर्षांत चार अल्बम दिले. पुढे वेग मंदावला. १९९२, १९९६, २०००, २००४, २००८, असा दर चार वर्षांनी एक. अगदी ऑलिंपिकच्या सालांना! आणि मग सोळा वर्षं काही नाही.

याला एक व्यावहारिक कारण आहे. पूर्वी कॅसेट, तबकडी, सीडी विकून पैसा मिळायचा आणि ती खपावी म्हणून गावोगाव कार्यक्रम व्हायचे. इंटरनेटवरून गाणी ऐकायची सोय झाली आणि हे गणित उलटं झालं. आता मोठ्या बँडची मुख्य कमाई कार्यक्रमांच्या तिकिटांवर होते. आणि तिकीट काढून येणाऱ्याला ऐकायची असतात जुनीच गाणी. मग स्टुडिओत महिनोन् महिने घालवून नवा अल्बम करायचा कशाला? धंद्याच्या हिशेबाने पाहिलं तर जुन्या बँडला नव्या अल्बमची फारशी गरजच उरलेली नाही. तरीही चाहते वाट पाहतात. इथेच ही गोष्ट व्यवहाराची राहत नाही, मनाची होते.

या वाट पाहण्याचं काय होऊ शकतं, याची तीन उदाहरणं सांगतो.

पहिलं ‘गन्स एन रोझेस’चं. लॉस एंजेलिसचा हा बँड. १९८७ सालच्या पहिल्याच अल्बमने त्यांना जगभर नेलं. १९९१ साली त्यांनी एकाच दिवशी दोन अल्बम काढले, १९९३ साली दुसऱ्यांच्या गाण्यांचा एक काढला आणि त्यानंतर मंडळी फुटली. गिटारवादक स्लॅश १९९६ साली बाहेर पडला, त्याच्यामागून आणखी सोबती गेले. नाव राहिलं गायक अ‍ॅक्सल रोझकडे. तो नव्या वादकांना घेऊन ‘चायनीज डेमोक्रसी’ नावाच्या अल्बमवर काम करत बसला. वादक बदलले, निर्माते बदलले, स्टुडिओ बदलले, अल्बम काही येईना. २००५ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्याच्यावर लेखच लिहिला. तोवरचा खर्च १ कोटी ३० लाख डॉलरच्या घरात गेला होता.

मार्च २००८ मध्ये ‘डॉक्टर पेपर’ या थंड पेयाच्या कंपनीने जाहीर केलं, की हा अल्बम याच वर्षात आला तर अमेरिकेतल्या प्रत्येकाला एकेक डबा फुकट. अपवाद फक्त दोघांचा, स्लॅश आणि त्याच्यानंतर येऊन गेलेला गिटारवादक बकेटहेड! कंपनीला ही थट्टा वाटली असावी. पण २३ नोव्हेंबर २००८ रोजी अल्बम खरोखरच आला. फुकटच्या डब्याचं कूपन घ्यायला एवढी गर्दी उसळली, की कंपनीच्या यंत्रणेला ती झेपेना.

अल्बम आला, पण समाधान झालं का? बऱ्याच चाहत्यांचं नाही झालं. त्यांना वाट पाहायची होती ती १९८७ च्या पाच पोरांची. आलं ते एका माणसाने वर्षानुवर्षं घासून-पुसून केलेलं काम. त्यात मेहनत होती, सोबत नव्हती. २०१६ साली स्लॅश परतला. १७ मे २०२५ रोजी मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर त्यांचा कार्यक्रम झाला, तेव्हा तो आणि अ‍ॅक्सल एकाच मंचावर उभे होते. चाहत्यांची खरी वाट पाहणी या दृश्यासाठीच होती, असं मला वाटतं.

दुसरं उदाहरण ‘रोलिंग स्टोन्स’चं. स्वतःच्या नव्या गाण्यांचा त्यांचा अल्बम २००५ साली आला होता. त्यानंतर २०१६ साली जुन्या ब्लूज गाण्यांचा एक झाला, पण स्वतःच्या नव्या गाण्यांचा अल्बम नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांचा ड्रमवादक चार्ली वॉट्स गेला. १९६३ पासूनचा सोबती. आता संपलं, असं अनेकांना वाटलं. पण मिक जॅगरने मुदतच घातली, की नाताळपर्यंत रेकॉर्डिंग आणि व्हॅलेंटाइन डेपर्यंत काम पुरं. ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘हॅकनी डायमंड्स’ आला. जॅगर ऐंशीचा, कीथ रिचर्ड्स ऐंशीला टेकलेला. दोन गाण्यांवर चार्लीने आधी वाजवून ठेवलेले ड्रम आहेत. त्यांपैकी एका गाण्यात पूर्वीच बँड सोडून गेलेला बिल वायमनही बास वाजवायला आला. अल्बमचा शेवट मडी वॉटर्सच्या त्या गाण्याने होतो, ज्यावरून बँडला साठ वर्षांपूर्वी नाव मिळालं. इथे चाहत्यांना हवं होतं ते मिळालं. घरातली माणसं, असलेली आणि नसलेली, पुन्हा एकदा एका पंगतीत बसली.

तिसरं उदाहरण पुन्हा ‘द क्युअर’चं, आणि मला सगळ्यांत जवळचं.

या बँडचा कर्ता रॉबर्ट स्मिथ. लंडनच्या दक्षिणेला क्रॉली नावाचं गाव आहे, तिथला. विस्कटलेले केस, ओठांवर फासलेलं लिपस्टिक आणि गाण्यांत खोल उदासी. १९८९ सालचा त्यांचा ‘डिसइंटिग्रेशन’ मी वसतिगृहात एका मित्राच्या कॅसेटवर ऐकला होता. शब्द निम्मेच कळायचे, पण ती उदासी पुरती कळायची. विशीतल्या माणसाला उदासी फार आवडते. ती तेव्हा परवडते.

२०१९ साली स्मिथने मुलाखतींतून सांगितलं, की नवा अल्बम येतोय, याच वर्षी. तो आला नाही. पुढची काही वर्षंही तशीच गेली. मग ऑक्टोबर २०२२ मध्ये लाटव्हियातल्या रिगा शहरापासून बँडचा युरोपचा दौरा सुरू झाला आणि पहिल्याच कार्यक्रमाची सुरुवात एका नव्या गाण्याने झाली, ‘अलोन’. अल्बम नाही, पण त्यातली गाणी मात्र कार्यक्रमांतून गायली जाताहेत, अशी दोन वर्षं गेली. २०२३ च्या अमेरिका दौऱ्यात तिकिटांवर लावलेलं अवाच्या सवा शुल्क पाहून स्मिथ तिकीट कंपनीवर उघड संतापला आणि तिला चाहत्यांना पाच-दहा डॉलर परत करायला लावले. रक्कम छोटी, पण त्यातून चाहत्यांना समजलं, की हा माणूस आपल्याला विसरलेला नाही. लांबलेली वाट पाहायला असा विश्वास लागतो.

सप्टेंबर २०२४ मध्ये क्रॉलीतल्या एका पबवर एक भित्तिपत्रक लागलं. सुरुवातीच्या दिवसांत बँडने वाजवलं होतं ती ही जागा. त्यावर रोमन अंकांत एक तारीख होती, १ नोव्हेंबरची. चाहत्यांना काय ते कळलं.

आणि अल्बममध्ये होतं काय? या सोळा वर्षांत स्मिथचे आईवडील गेले, थोरला भाऊ रिचर्ड गेला. एक गाणं भावाच्या त्या मृत्यूवर आहे. पहिल्या ‘अलोन’ या गाण्यात आवाज लागतो तोच मुळी तीन मिनिटांच्या वादनानंतर. या गाण्याला सुरुवात मिळत नव्हती, ती एका कवितेने दिली असं स्मिथने सांगितलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बत्तिसाव्या वर्षी वारलेला इंग्रजी कवी अर्नेस्ट डाउसन, त्याची ‘ड्रेग्ज’ ही कविता. पेल्याच्या तळाशी उरतो त्या गाळावरची. शेवटच्या गाण्यामागे चंद्र आहे. १९६९ साली माणूस चंद्रावर उतरला, तेव्हा दहा वर्षांच्या स्मिथने वडिलांबरोबर तो चंद्र पाहिला होता. पन्नास वर्षांनी त्याच दिवसांत तो पुन्हा बाहेर उभा राहून वर पाहत होता. चंद्र तोच होता. शेजारी वडील नव्हते.

विशीतली उदासी कल्पनेतली होती, ही भोगलेली आहे. आवाज तोच, पण सांगण्यासारखं आता खरंच काही आहे. इंग्लंडमध्ये हा अल्बम खपात पहिला आला. १९९२ नंतर बत्तीस वर्षांनी त्यांना ते स्थान मिळालं.

मी कविता लिहितो, म्हणून हे मला आतून कळतं. कविसंमेलनात उभा राहिलो की मागून आवाज येतो, ‘ती म्हणा, आईवरची!’ ती मी तिशीत लिहिली. मुशायऱ्यात ‘मुकर्रर’ म्हणतात, म्हणजे पुन्हा एकदा. ही दाद गोड असते. नाही म्हणणं जिवावर येतं. पण नवी कविता खिशातच घडी होऊन घरी परत जाते, तेव्हा मनात येतं, की लोकांना मी हवा आहे की माझी तिशी?

रसिकाच्या मनात दोन इच्छा एकदम असतात. तू होतास तसाच राहा, आणि मला काहीतरी नवं सांग. वरवर पाहता या दोन्ही गोष्टी एकत्र नांदणार नाहीत. पण ‘द क्युअर’च्या सोळा वर्षांनी मला दाखवलं, की नांदू शकतात. चाहत्याला विशीतला गायक परत नको असतो. तो आपल्यासोबत वयाने वाढला का, आपण आईबाप पोचवून आलो तसा तोही आला का, आणि आला असेल तर ते तो आपल्या ओळखीच्या आवाजात सांगेल का, एवढंच त्याला हवं असतं.

अल्बम आला त्याच रात्री लंडनच्या ट्रॉक्सी सभागृहात ‘द क्युअर’चा तीन तासांचा कार्यक्रम झाला. त्यांनी आधी आठही नवी गाणी ओळीने गायली. जुनी त्यानंतर. जुनं मागायचा रसिकाचा हक्क आहेच, तो कोण नाकारणार? पण क्रम हा असावा. आधी नवं ऐकून घ्यावं, मग खुशाल म्हणावं, मुकर्रर.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)