ठोका आणि सम

जपानच्या निंटेंडो कंपनीने २००६ मध्ये ‘रिदम तेंगोकू’ हा खेळ बाजारात आणला. ठोक्यावर कळ दाबावी, फार चुकल्यास पुन्हा आरंभ करावा, हे त्याचे सूत्र. अशाने मुलांचा कान तयार होत असेल, तर नाके मुरडण्याचे कारण नाही. परंतु पनवेलजवळच्या आपट्यासारख्या गावी भजनाला बसणारे पोर निराळाच धडा गिरवते. त्याचा टाळ मागे पडला तरी पखवाज थांबत नाही, कोणी त्याला उठवीतही नाही. शेजारचा वडीलधारा आपला टाळ जरा ठसक्यात वाजवून त्याला समेवर आणतो. यंत्र चूक दाखविते. मंडळी चुकलेल्याला सांभाळून घेतात. खेळ घरात आला म्हणून ही बैठक मोडू देणे शहाणपणाचे नव्हे.