पाहुण्यांना तिसऱ्या आठवड्यात बोलवा

बीड जिल्ह्यात कॅन्सरचं निदान झालं की अनेकांची वाट छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयाकडे, नाहीतर परळच्या टाटा हॉस्पिटलकडे वळते. फायली, रांगा, रिपोर्ट यांत नवरा-बायकोचं बोलणंही औषधांपुरतंच उरतं. दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत मात्र परगावचे रुग्ण आणि नातेवाईक एकत्र राहतात. ओळखी होतात, गप्पा रंगतात.

घरी केमो सुरू असतानाही अशा गप्पा जमवता येतात; फक्त आनंदालाही वेळापत्रक लागतं.

अनेक केमो तीन आठवड्यांच्या चक्राने देतात. सुरुवातीला मळमळ आणि थकवा असतो. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी घटतात आणि संसर्गाची भीती वाढते. तेव्हा ‘बघायला’ येणारी गर्दी दारातूनच परतवली तरी चालेल (राग येईल, येऊ द्यावा!). तिसऱ्या आठवड्यात बहुतेकांना हुशारी वाटते. डॉक्टरांना विचारून शेतावर हुरडा, जुने मित्र, नातवंडं हे सगळं तेव्हा जमवावं.

सोबत करणाऱ्या बायकोलाही सुट्टी हवी. जाऊबाईंनी दोन तास घर सांभाळलं, तर तिला भजनाला जाता येईल.

ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला, तर मात्र पंगत अर्धी सोडून लगेच दवाखाना गाठायचा.