गोचिडीचं घर कुठं?

कोणी पाठच सोडेना, की आपण म्हणतो, ‘काय गोचिडीसारखा चिकटलाय!’ पण खरी गोचीड कधी नीट पाहिली आहे का?

पनवेल-रोहा रेल्वेमार्गावर, पेणच्या अलीकडे जिते नावाचं स्टेशन लागतं. कोकणातल्या या भागात पावसाळ्यात हवा उबदार आणि दमट असते. गोचिडींना असंच हवामान मानवतं. गाईच्या कानात, गळ्याखालच्या पोळीवर, कासेजवळ, शेपटीच्या मुळाशी त्या दडून बसतात. रक्त पिऊन टम्म फुगलेली गोचीड अगदी एरंडीच्या बीसारखी दिसते. गंमत म्हणजे एरंडाचं शास्त्रीय नाव ‘रिसिनस’, आणि लॅटिन भाषेत त्याचा अर्थच मुळी गोचीड!

गोचीड कीटक नाही, ती कोळ्याची नातेवाईक. अंड्यातून निघालेल्या पिलाला सहा पाय असतात, मोठेपणी होतात आठ. पिलू गवताच्या टोकाला पुढचे पाय पसरून बसतं. गुराचा श्वास, ऊब जाणवली, की पटकन अंगावर चढतं. आपल्याकडच्या गाईंवर नेहमी आढळणारी गोचीड सुमारे तीन आठवडे अंगावर राहते. मादी रक्त पिऊन खाली पडते, भिंतीच्या भेगेत किंवा पेंढ्याखाली शिरते, दोन-तीन हजार अंडी घालते आणि मरून जाते.

एक मादी अर्धा मिलीलिटर तरी रक्त पिते, असं धरा. मग शंभर माद्या किती पितील? करा गुणाकार! जनावर अशक्त होतं, दूध घटतं. देशी गाई त्यामानाने काटक. जर्सी किंवा होल्स्टिनच्या संकरित गाईंना हा त्रास जास्त होतो.

पण रक्तापेक्षा मोठा धोका रोगाचा. अमेरिकेत एका तापाने गुरं पटापट मरत होती. गुराखी म्हणायचे, ‘हे गोचिडींमुळेच!’ पुष्कळ विद्वान हसायचे. थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेड किलबोर्न हे दोन शास्त्रज्ञ मात्र हसले नाहीत. त्यांनी रोगट भागातल्या गुरांच्या अंगावरच्या सगळ्या गोचिडी हाताने वेचून काढल्या आणि ती गुरं निरोगी गुरांसोबत ठेवली. कोणी आजारी पडलं नाही. दुसऱ्या कुरणात एकही रोगट गुरू नव्हतं, नुसत्या गोचिडी सोडल्या होत्या. तिथली निरोगी गुरं आजारी पडली! 1893 मध्ये त्यांनी हे जगापुढे मांडलं. डासातून मलेरिया पसरतो हे रोनाल्ड रॉसना सापडण्याच्या चार वर्षं आधी! गुराखी खरे ठरले.

हा बबेसिया रोग आपल्याकडेही होतो. जोराचा ताप येतो, लघवी लाल किंवा कॉफीसारखी होते. असं दिसलं, की लगेच जनावरांच्या डॉक्टरांना बोलवायचं.

मग करायचं काय? नुसतं गाईला औषध लावून भागत नाही. आज अंग साफ केलं, तरी भेगेतली अंडी उबतात आणि पिलं परत गाईवर! म्हणून भिंतीच्या भेगा लिंपायच्या, चुना लावायचा, कोपऱ्यातला जुना पेंढा काढायचा. गोठ्यात फिरणाऱ्या कोंबड्याही गोचिडी टिपतात. औषध डॉक्टर सांगतील तेच, तेवढंच, आणि सगळ्या गुरांना एकदम. कारण गाय अंग चाटते, जास्त औषध तिच्याच पोटात जातं. हे काम मोठ्यांचं, तुम्ही दूर राहायचं.

आणि एक गोष्ट नक्की पाळा. गोचीड बोटांनी चिरडू नका. 2011 मध्ये गुजरातेत कांगो तापाचे रुग्ण सापडले. हा ताप माणसाला गोचिडी चावून किंवा चिरडूनही होऊ शकतो.

येत्या रविवारी आजोबांबरोबर गोठ्यात जा. गाय तर बघाच, पण बॅटरी घेऊन भिंतीच्या भेगाही बघा. गोचिडीचं घर तिथं आहे!